जुनी अमेरिकन स्टॉक कार रेसिंग: नियम, इंजिनं आणि सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे फॉर्म्युला वन बघणारे खूप आहेत, पण नॅसकारचं, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगचं, नाव काढलं की "ती गोल गोल फिरतात तीच ना" एवढं बोलून विषय संपतो. रेस गोल गोलच असते, मान्य. पण साधारण १९४९ ते १९८८ या काळात ट्रॅकवर जेवढी मारामारी झाली तेवढीच नियमांच्या पुस्तकात झाली, आणि मला खरं सांगायचं तर तीच जास्त मजेशीर वाटते. मित्रमंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते एकदाचे लिहून टाकतोय.

स्टॉक कार म्हणजे नक्की काय? शेअर बाजाराशी काही संबंध?

काही नाही. स्टॉक म्हणजे शोरूममधे मिळते तशी गाडी, काहीही न बदललेली. डिसेंबर १९४७ मधे डेटोना बीचच्या एका हॉटेलात बिल फ्रान्स नावाच्या माणसाने रेसवाल्यांना एकत्र बसवलं, १९४८ मधे नॅसकार रीतसर स्थापन झाली, आणि १९४९ मधे फक्त नव्या, न छेडलेल्या गाड्यांची सिरीज सुरू झाली. आयडिया सोपी होती, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की अरे ही तर माझ्या दारात उभी आहे तीच गाडी. ली पेटी तर पहिल्या रेसला उसनी आणलेली ब्युक घेऊन उतरला आणि ती उलटवून बसला. घरी काय सांगितलं असेल देव जाणे.

पहिल्याच रेसचा विजेता बाद झाला म्हणतात, खरं का?

खरं आहे. १९ जून १९४९, शार्लट. ग्लेन डनअवे १९४७ च्या फोर्डमधे पहिला आला. तपासणीत दिसलं की मागच्या स्प्रिंगा बदलून कडक केल्यात. का केल्या होत्या? कारण ती हातभट्टीची दारू वाहायची गाडी होती. कॅरोलायनाच्या डोंगरपट्ट्यात टॅक्स चुकवून दारू पोचवणारी पोरं गाडीत माल भरायची, तेव्हा मागचा भाग खाली बसला की पोलिसांना लगेच कळायचं, म्हणून स्प्रिंगा कडक. मोकळ्या गाडीत त्याच स्प्रिंगा वळणावर मस्त काम करतात. डनअवे बाद, आणि लिंकन चालवणारा जिम रोपर विजेता.

म्हणजे या खेळाचा पहिला निकालच ट्रॅकवर नाही तर गाडीखाली शिरून लागला. पुढचं सगळं नाटक याच धर्तीवर आहे.

हडसन हॉर्नेटचं इंजिन तर जुन्या पद्धतीचं होतं, मग ती एवढी कशी जिंकली?

हा प्रश्न मला आवडतो. १९४९ मधे ओल्ड्समोबिलने रॉकेट ८८ आणली, ३०३ क्यूबिक इंचाचं (हे इंजिनाचं माप, हिशोब पुढे येतोच) व्ही-८, म्हणजे व्ही आकारात मांडलेले आठ सिलिंडर, व्हॉल्व्ह वरती हेडमधे. ते तेव्हाचं आधुनिक. हडसनचं मात्र सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमधेच, ज्याला फ्लॅटहेड म्हणतात. अशा इंजिनात हवेला वळसा घेऊन आत यावं लागतं, म्हणजे कागदावर हारच. पण ते इंजिन ३०८ क्यूबिक इंचाचं होतं, टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, दाबून होता, वर दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) लावून मिळायचे, आणि गाडीची फ्लोअर चॅसीच्या मधे खाली बसवलेली असल्याने गाडी जमिनीला चिकटून वळायची. बाकीच्यांच्या गाड्या वळणावर झुकायच्या, ही नाही.

पण खरी गंमत पार्ट्सची. नियम म्हणायचा की कंपनीच्या कॅटलॉगमधे जे आहे तेच लावा. मग हडसनने कॅटलॉगमधेच "जास्त कष्टाच्या वापरासाठी" म्हणून जड सस्पेन्शन, तगडी चाकं, गरम इंजिनचे भाग टाकून दिले. टॅक्सीवाल्यांसाठी आहेत हो, असा आव. नियम पाळला की नाही? पाळला. १९५२ मधे ३४ पैकी २७ रेस हडसनने मारल्या. त्यानंतर प्रत्येक कंपनी हेच शिकली की रेस जिंकायची असेल तर आधी पार्ट नंबर छापून घ्यायचा.

फ्युएल इंजेक्शन १९५७ मधेच आलं होतं ना? मग २०११ पर्यंत कार्बोरेटर का?

होय, शेव्हरोलेने १९५७ मधे २८३ क्यूबिक इंचाच्या व्ही-८ वर इंजेक्शन लावून २८३ हॉर्सपॉवरचा दावा केला, इंचाला एक घोडा. फोर्डने उत्तरादाखल सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंप, बसवला. शेरास सव्वाशेर चाललं होतं, आणि ते बघून नॅसकारने त्याच सीझनमधे फटकन सगळंच बंद केलं: इंजेक्शन नाही, सुपरचार्जर नाही, दोन-तीन कार्बोरेटर नाहीत, एकच चार तोंडांचा कार्बोरेटर. पाठोपाठ जूनमधे गाडी कंपन्यांच्या संघटनेनेही ठराव केला की आम्ही रेसिंगपासून लांब राहणार (राहिलं कोणीच नाही, मागच्या दाराने पैसे येतच होते).

त्या एका निर्णयाने पुढच्या पन्नासेक वर्षांचं इंजिन ठरलं असं म्हटलं तरी चालेल. इंजेक्शन परत आलं ते थेट २०१२ मधे. तोवर रस्त्यावरच्या साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर कधीच गेला होता.

हे क्यूबिक इंच प्रकरण डोक्यात बसत नाही. आपल्या भाषेत सांगा.

एक क्यूबिक इंच म्हणजे १६.४ सीसी. १९६३ पासून मर्यादा साधारण ७ लिटरची, म्हणजे ४२७-४२८ इंच. आठ सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण ८७५ सीसी. आपली मारुती ८०० आठवते? तिचं अख्खं इंजिन ७९६ सीसी. म्हणजे एका सिलिंडरमधे एक मारुती मावून वर जागा उरते, आणि असे आठ.

हेमी, हेमी करतात ते काय आहे एवढं?

इंजिनचं हेड उलटं करून बघितलं तर सिलिंडरवर जे झाकण येतं त्याचा आतला खळगा असतो, तिथे पेट्रोल जळतं. साध्या अमेरिकन व्ही-८ मधे हा खळगा पाचरीसारखा, दोन्ही व्हॉल्व्ह एका ओळीत शेजारी शेजारी. हेमीमधे तोच खळगा अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखा गोल. एक व्हॉल्व्ह या उतारावर, दुसरा समोरच्या उतारावर, आणि प्लग माथ्यावर जवळपास मधोमध. गोलाकारामुळे व्हॉल्व्ह मोठे बसवता येतात, हवा एका बाजूने शिरते आणि सरळ दुसऱ्या बाजूने निघून जाते, मधे कोपरे नाहीत. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप, जो जास्त श्वास घेईल तो जास्त पळेल.

तोटे? हेड जड, रुंद, दोन दोन रॉकर शाफ्ट, आणि महाग. म्हणून क्रायस्लरने पन्नाशीच्या दशकातलं पहिलं हेमी बंद करून टाकलं होतं. ते पहिलं हेमीही काही गरीब नव्हतं हां, १९५५ मधे ३३१ इंच, ३०० घोडे असलेली सी-३०० घेऊन आउटबोर्ड मोटारवाल्या कार्ल कीकहेफरच्या टीमने दोन सीझन सगळ्यांना धुऊन काढलं होतं.

मग १९६४ च्या डेटोना ५०० साठी (डेटोनाची पाचशे मैलांची रेस) ४२६ इंचाचं नवीन हेमी आलं. रिचर्ड पेटीने (वरच्या ली पेटीचा मुलगा) २०० पैकी १८४ लॅप पुढे राहून रेस मारली, दुसरा आणि तिसराही हेमीवालाच. फोर्डवाले बघत राहिले.

मग १९६५ मधे हेमीवर बंदी का आली? जिंकले म्हणून?

वरवर बघितलं तर तसंच, आणि फोर्डची कटकट होतीच. पण १९६४ हे वर्ष फार वाईट गेलं होतं. ड्रायव्हर जो वेदरली रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर मरण पावला, फायरबॉल रॉबर्ट्स शार्लटच्या आगीत भाजला आणि जुलैत गेला, जिमी पार्ड्यू सप्टेंबरमधे टायर टेस्टिंग करताना गेला. वेग वाढला होता आणि टायर, पेट्रोल टाकी काहीच त्या वेगाचं नव्हतं. टाकीच्या आत रबरी पिशवीसारखी सुरक्षित टाकी आणि टायरच्या आत दुसरा टायर या गोष्टी त्याच सुमाराला त्यातून आल्या.

मधल्या काळात फोर्डनेही हेमीला उत्तर म्हणून ४२७ वर ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थेट हेडवर) बसवून "कॅमर" तयार केलं होतं, सहा फुटांहून लांब टायमिंग चेन असलेलं धूड. बिल फ्रान्सने विचार केला असणार की एकाला परवानगी दिली की दुसरा त्याहून मोठं काहीतरी आणणार. म्हणून १९६५ साठी दोन्ही बाद, कारण काय तर ही इंजिनं शोरूमच्या गाडीत मिळतच नाहीत.

क्रायस्लर रुसून बसली आणि सगळा संसार घेऊन बाहेर. पेटी, म्हणजे चालू चॅम्पियन, ड्रॅग रेसिंगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतींना, गेला, तिथे जॉर्जियात त्याची गाडी प्रेक्षकांत घुसून एक लहान मुलगा गेला. जनरल मोटर्स १९६३ मधेच अधिकृतपणे बाहेर पडली होती. उरली कोण? फोर्ड. त्या वर्षी ५५ पैकी ४८ रेस फोर्डने जिंकल्या. आता सांगा, तिकीट काढून कोण जाईल? एकटाच पैलवान आखाड्यात उतरलाय आणि कुस्ती बघायला या म्हणतायत.

तिकीट खिडकी ओस पडायला लागल्यावर फ्रान्स नरमला. वर्षाच्या मध्यात हेमी अटी घालून परत आत आलं. एवढंच नाही, युनियन काढायला निघाला म्हणून १९६१ मधे ज्याला जन्मभरासाठी हाकललं होतं त्या कर्टिस टर्नरलाही परत बोलावलं, कारण लोक त्याला बघायला यायचे. मला जर कोणी विचारलं की नॅसकारचे नियम कशासाठी असतात तर मी हे एक वर्ष दाखवेन. इंजिनाचा आकार, हेडचा प्रकार वगैरे ठीक आहे, पण खरा काटा स्टँडमधल्या गर्दीकडे बघून हलायचा.

१९६६ मधे मग फोर्डनेही तेच केलं ना?

हो, चोरावर मोर. क्रायस्लरने यावेळी हेमी रस्त्यावरच्या गाड्यांत विकायला काढलं म्हणजे ते "स्टॉक" झालं. फोर्डने कॅमर परत पुढे केलं, नॅसकारने त्यावर जास्त वजनाची अट घातली, फोर्ड रुसली. गर्दी पुन्हा कमी.

आणि ते "पिवळं केळं" काय होतं?

त्याच ऑगस्टमधे अटलांटाला जुनिअर जॉन्सनने एक पिवळी फोर्ड आणली. हा जॉन्सन पूर्वी हातभट्टीच्याच केसमधे आत जाऊन आलेला माणूस, हुशार. गाडीचं छप्पर खाली कापलेलं, पुढची काच मागे झुकवलेली, शेपूट वर उचललेली, एकूण सगळी गाडीच वाकलेली, म्हणून केळं. कुठल्याही अंगाने ती शोरूमची फोर्ड वाटत नव्हती आणि तरी तपासणीतून गेली, कारण फोर्डचं काहीतरी ट्रॅकवर हवंच होतं ना. गाडी रेसमधे ठोकली गेली. नंतर असले लाड बंद झाले आणि बॉडीवर साचे, म्हणजे टेम्प्लेट, लावून मोजायची पद्धत पक्की झाली.

याच जातीचा दुसरा माणूस स्मोकी युनिक, डेटोनामधला गॅरेजवाला. त्याची प्रसिद्ध गोष्ट अशी सांगतात की तपासणीवाल्यांनी पेट्रोलची टाकी काढून ठेवली, दुरुस्त्यांची यादी हातात दिली, तर हा त्यात अजून एक वाढवा म्हणाला आणि टाकीशिवायच गाडी चालू करून निघून गेला. टाकीचं माप नियमात होतं, टाकीपासून इंजिनापर्यंतच्या पाइपाचं नव्हतं. मग त्याने पाइपच एवढा जाड आणि लांब केला की त्यातच गॅलनवारी पेट्रोल. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असणार, पण नियमात जे लिहिलं नाही ते चालतं हा त्याचा हिशोब मात्र शंभर टक्के खरा.

पंखवाल्या गाड्या रस्त्यावर खरंच विकल्या का?

विकायलाच लागल्या. नियम होता की किमान ५०० गाड्या लोकांसाठी बनवा. क्रायस्लरच्याच डॉजने १९६९ मधे चार्जर डेटोना बनवली, लांब टोकदार नाक आणि मागे माणसाच्या छातीएवढा उंच पंख, आकडा ५०३. पुढच्या वर्षी आकडा डीलरच्या संख्येवर बांधला, दर दोन डीलरमागे एक, म्हणून प्लिमथ या क्रायस्लरच्याच दुसऱ्या ब्रँडला सुपरबर्ड १९०० च्या वर बनवाव्या लागल्या. एकदा फोर्डकडे निघून गेलेला पेटी या गाडीसाठी परत आला. पण शोरूममधे गिऱ्हाईक फिरकेना, काही डीलरांनी नाक आणि पंख उतरवून साधी गाडी म्हणून विकल्या. आज त्याच गाड्यांच्या किमती ऐकल्या तर त्या डीलरांची कीव येते.

फोर्डची पळवाट वेगळी. बॉस ४२९ इंजिन त्यांनी विकलं मस्टँगमधे आणि पळवलं टोरिनोमधे. मस्टँगमधे ते बसतच नव्हतं, सस्पेन्शनचे टॉवर सरकवून कोंबलं. इंजिन विकलं ना लोकांना, झालं.

मार्च १९७० मधे टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरने चार्जर डेटोनामधे २००.४४७ मैलाचा लॅप काढला, म्हणजे ताशी ३२२ किमीच्या वर. मग १९७१ साठी नियम आला की पंखवाली गाडी आणायची असेल तर इंजिन ३०५ इंचाचंच. बंदी असा शब्द न वापरता विषय मिटवला. सात लिटरवरून पाचवर या आणि खुशाल पंख लावा.

रिस्ट्रिक्टर प्लेट म्हणजे काय?

कार्बोरेटर आणि त्याखालच्या मॅनिफोल्डच्या मधे बसणारी पातळ धातूची पट्टी, चार भोकं असलेली. भोकं लहान केली की हवा कमी, हवा कमी की पेट्रोल कमी, ताकद कमी. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे नाक दाबलं आणि तोंडही बंदच. पहिल्यांदा ऑगस्ट १९७० मधे मिशिगनला लावली. तेव्हा मोठी इंजिनं हळूहळू घालवण्यासाठी ती कामाला आली, कुठल्या इंजिनाला किती मोठं भोक यावर रोज भांडणं.

मग ३५८ इंच कुठून आले?

१९७४ पासून छोट्या ब्लॉकची, म्हणजे लहान बांध्याच्या इंजिनांची, मर्यादा ३५८ इंच ठरली, साधारण ५.९ लिटर. ३५० च्या आसपासचं छोटं व्ही-८ सगळ्या अमेरिकन कंपन्यांकडे होतं, स्वस्त होतं, पार्ट कुठेही मिळायचे, आणि कंपन्यांचा पैसा आटला होता कारण फोर्ड १९७० नंतर बाहेर पडली होती. त्यात तेलाचं संकट. १९७४ ची डेटोना ५०० तर ४५० मैलांचीच झाली, पहिल्या २० लॅप मोजल्याच नाहीत, थेट २१ पासून सुरुवात. मोठी इंजिनं प्लेट लावून अजून थोडा काळ रेंगाळली, मग गेली.

पुशरॉड इंजिन जुनाट नाही का? त्यात कसलं आलंय डोकं?

जुनी बुलेट उघडताना बघितलीय का? बाजूचं छोटं झाकण काढलं की दोन काड्या दिसतात, मेकॅनिक त्या दोन बोटांत धरून फिरवतो, फिरली पाहिजे पण वरखाली खुळखुळता कामा नये. त्याच पुशरॉड. खाली कॅम फिरतो, काडी वर ढकलतो, वरचा रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. बुलेटमधे हे निवांत चालतं. नॅसकारवाल्यांनी हेच प्रकरण मिनिटाला ९००० फेऱ्यांच्या पुढे नेलं. हिशोब करा, ९००० फेऱ्या म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडून बंद, आणि हे पाचशे मैल. तेही रोलर नसलेल्या सपाट टॅपेटवर (कॅम आणि काडीच्या मधला तुकडा), कारण नियम तसा होता (रोलर आले २०१५ मधे). स्प्रिंगचं पोलाद, तेलाचा प्रवाह, कॅमचा आकार यावर या लोकांनी जे काम केलं ते बघितलं की जुनाट वगैरे शब्द तोंडातून निघत नाही. नवीन काही आणायची परवानगीच नाही म्हटल्यावर आहे तेच घासत बसायचं.

१९८३ मधे पेटीने चीटिंग केली आणि तरी रेस त्याचीच राहिली, हे कसं?

ऑक्टोबर, शार्लट, त्याची १९८वी जिंकलेली रेस. नंतर मोजलं तर इंजिन ३८१.९८३ क्यूबिक इंच, म्हणजे मर्यादेच्या जवळपास २४ इंच वर, शिवाय उजव्या बाजूला डाव्या बाजूचे मऊ टायर. ३५,००० डॉलर दंड, १०४ पॉइंट कापले आणि विजय कायम. कारण असं की लोकांनी ज्याला जिंकताना बघितलं तोच घरी जाताना विजेता असला पाहिजे, हे फ्रान्स घराण्याचं जुनं धोरण. डनअवेला हे ऐकायला मिळालं असतं तर काय वाटलं असतं? त्याची तर दोन स्प्रिंगांत गेली होती.

प्लेट मग १९८८ मधे परत का आली?

१९८७ मधे टॅलाडेगाला बिल इलियटने क्वालिफाइंगमधे २१२.८०९ मैलाचा लॅप टाकला, ताशी जवळपास ३४२ किमी. त्याच रेसमधे, ३ मेला, बॉबी अ‍ॅलिसनचा टायर फुटला, गाडी हवेत उडाली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीवर जाऊन आदळली. जाळीचा मोठा पट्टा फाटला, काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी आत गेली नाही हे नशीब. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला प्लेट पक्की. दोनशेच्या आसपास घोडे गेले.

एक रोग गेला, दुसरा आला. ताकद सगळ्यांची सारखीच कापल्यावर कुणालाच पुढे सटकता येईना, तीस-चाळीस गाड्या एकमेकींच्या हवेत अडकून एका घोळक्यात, आणि एक घसरली की मागच्या पंधरा-वीस तिच्यावर. ड्रायव्हर लोक या प्लेटला कायम शिव्या घालायचे. २०१९ च्या डेटोना ५०० नंतर ती पट्टी काढली आणि तिच्या जागी निमुळत्या भोकाचा जाड स्पेसर बसवला. घोळका मात्र अजून तसाच आहे.